पुढच्या घरी विचारा

१

मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. त्या मिलशी माझं काडीचंही नातं नव्हतं. आता तिथे संग्रहालय उभं राहणार होतं. यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती. उरल्या होत्या भिंती, जमिनीतून वर आलेले गंजके बोल्ट आणि मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्यांची एक लांबलचक रांग. त्या खोल्यांत राहून गेलेली कुटुंबं शोधायची, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आणायचं, हे काम माझ्याकडे आलं.

कागदोपत्री काहीच शिल्लक नव्हतं. एका घरी जायचं, चहा घ्यायचा, आठवणी ऐकायच्या आणि निघताना विचारायचं, "तुमच्या शेजारी कोण राहायचं? आता कुठे असतात?" मग ते पुढच्या घराचा पत्ता सांगणार. असं एका दारावरून दुसऱ्या दारावर जायचं.

पहिलं दार उंच काकूंचं. उंचीने त्या जेमतेम माझ्या खांद्याला लागत होत्या. कोवळ्या वयात कापडाच्या मागावर कामाला लागल्या तेव्हा हात पुरत नाही म्हणून पाटावर उभ्या राहायच्या, तेव्हापासून सगळी मिल त्यांना उंच म्हणायला लागली. आता एकट्याच राहत होत्या, तिसऱ्या मजल्यावरच्या लख्ख दोन खोल्यांत. आवाज मात्र जिन्यापर्यंत येत होता.

"मी ओरडते म्हणून दचकू नकोस गं," त्या म्हणाल्या. "मागखात्यात जन्म गेलेल्या बाईला हळू बोलता येत नाही. एक तर ओरडायचं, नाहीतर आवाजच न करता बोलायचं. मधलं आम्हाला ठाऊकच नाही."

"आवाज न करता कसं बोलायचं?"

काकूंनी माझ्याकडे बघून ओठ हलवले. अगदी सावकाश, अक्षर न् अक्षर चघळल्यासारखे. आवाज मात्र अजिबात नाही. मग म्हणाल्या, "आत्ता मी म्हटलं, बिस्किट घे. सादळलंय, पण घे."

मला हसूच फुटलं. शेकडो माग एका छपराखाली धडधडायचे, तेव्हा कानाशी तोंड नेऊन सांगितलेलंही कळायचं नाही. म्हणून खात्यातली सगळी माणसं ओठांनी बोलायची आणि डोळ्यांनी ऐकायची. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला घरी काय शिजवलं ते सांगायची. "आमचा जॉबर होता ना, आमच्यावर देखरेख करणारा, तो समोर उभा राहून डाफरायचा आणि त्याच्या पाठीमागची त्याचा उद्धार करायची. भाषा त्यालाही येत होती म्हणा. पण पाठीला डोळे कुठून आणणार बिचारा!"

गप्पा रंगात आल्या होत्या आणि काकू मध्येच थांबल्या. त्यांची नजर माझ्या उजव्या खांद्यावरून मागे गेली. ओठ हलले, आवाज न करता. मान नकारार्थी हलली. मग जिथे वाक्य सोडलं होतं तिथूनच त्यांनी ते उचललं.

मी वळून पाहिलं. मागे कपड्यांचं कपाट होतं. बंद.

वयाचा भाग, मी मनात म्हटलं. निघताना त्यांनी तेलवाल्यांचा पत्ता दिला.

२

तेलवाले म्हणजे यंत्रांना तेल घालणारे. हे आजोबा मुलीकडे राहत होते. बोलायला अगदी कमी. एकेक शब्द कुपीतून थेंब काढावा तसा काढायचे. खोली एवढीशी होती. माझी खुर्ची भिंतीला टेकलेली, म्हणजे पाठीमागे सुपारी ठेवायलाही जागा नव्हती.

मी विचारत होते, खोल्यांत पाणी कधी यायचं. ते सांगत होते. आणि मग तसंच झालं. नजर माझ्या उजव्या खांद्यावरून मागे, ओठांची बिनआवाजी हालचाल, सौम्यपणे हललेली मान. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. रस्त्यात कोणी अनोळखी माणसाने पत्ता विचारावा आणि आपण म्हणावं, नाही हो, इथे नाही, तसा तो चेहरा होता.

मुलीने ते पाहिलं. "बाबा, कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही," आजोबा म्हणाले, आणि चहाच्या कपाकडे बघत राहिले.

जिन्यापर्यंत मला सोडायला आलेली मुलगी म्हणाली, "असं कधी करत नाहीत ते. डोकं अगदी शाबूत आहे त्यांचं."

मी तिला समजावलं. ओठांनी बोलायची जुनी सवय, मिलच्या आठवणी निघाल्या की जागी होत असेल. बोलता बोलता माझं मलाच ते पटलं.

३

संध्याकाळी स्वयंपाक करताना मी रेकॉर्डिंग लावलं. नवरा ओट्याला टेकून उभा होता. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून कंटाळलेला असतो, म्हणून संध्याकाळी त्याला काहीतरी ऐकायला आवडतं. काकूंच्या जॉबरच्या गोष्टीला तो खळखळून हसला.

मग ती जागा आली. काकू थांबल्या.

"यंत्र बंद पडलं वाटतं," तो म्हणाला.

"नाही. काकू गप्प झाल्या तिथे."

"गप्प झाल्या तरी बाकीचं ऐकू यायला नको? पंखा, रस्ता, काहीतरी?"

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. त्याचं बरोबर होतं. काकूंच्या घरात पंखा खडखडत होता, खाली कोणीतरी लाकूड कापत होतं. त्या थांबल्या त्या क्षणी पंखाही गेला आणि करवतही. नुसतं काही नाही असं नव्हतं ते. कानावर कोणी कापसाचा बोळा दाबून धरावा तशी ती शांतता होती. काकू बोलायला लागल्या आणि सगळं एकदम परत आलं, मधूनच तोडलेलं.

तेलवाल्यांच्या रेकॉर्डिंगमध्येही तसंच.

"आवाज आपोआप दाबायची सोय असते आजकाल," नवरा म्हणाला. "कोणी बोलत नसेल तर मागचा गोंगाट काढून टाकतं. ती बंद करून टाक."

मी सगळी बटणं पाहिली. तसली सोय त्या यंत्रात नव्हती. ते मी त्याला सांगितलं नाही. जेवताना तो काहीतरी म्हणाला आणि मी दोनदा "काय?" विचारलं.

"कान तपासून घे," तो म्हणाला. "हल्ली रोज हेच करतेस."

४

जॉबर भेटतील असं मला वाटलं नव्हतं, पण तेलवाल्यांना त्यांचा ठावठिकाणा माहीत होता. मुलगा, सून आणि पाळण्यातलं नातवंड, असं भरलं घर. ज्यांच्या नावाने मागखातं थरथरायचं ते जॉबर आता खिडकीपाशी गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसले होते. मी काम मागायला आले आहे असंच ते धरून चालले होते.

"आधी कुठे केलंय काम?" त्यांनी दरडावून विचारलं.

"बाबा, अहो, त्या तुमच्या आठवणी विचारायला आल्यात," सून म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताई, मनावर घेऊ नका. काल त्यांनी डॉक्टरांनाही कामावर घेतलं."

"बरं, उद्यापासून ये. पहिल्या पाळीला," जॉबर म्हणाले. "उशीर चालणार नाही."

मी हो म्हटलं. सून हसून बाळाला पाळण्यात घालत होती. त्या दिवशी मी मुद्दाम दाराच्या चौकटीत बसले होते, पाठीमागे मोकळा जिना ठेवून. तरीही जॉबरांची नजर माझ्या उजव्या खांद्यावरून मागे गेलीच. मात्र त्यांनी मान नकारार्थी हलवली नाही. त्यांचा चेहरा उजळला. खुर्चीतून ते अर्धवट उठले, हाताने बोलावल्यासारखं केलं आणि ओठ हलवले. थोडकंच काहीतरी, तेही हसून, आणि वर मान डोलावली.

"आज स्वारी खुशीत आहे," सून म्हणाली.

जिना उतरताना माझ्याच चपलांच्या आवाजाने मी दचकले. इतका मोठा! रस्त्यावर आले तर सायकलच्या घंटा, कुणाची तरी शिवीगाळ, डोक्यावरचे पक्षी, सगळं अंगावर आलं. गेले कित्येक दिवस मी लोकर कोंबलेल्या कानांनी फिरत होते, आणि ती निघून गेल्यावर मला ते कळत होतं. खांदाही हलका झाला होता. मी घरी येताना गुणगुणत आले.

५

दोन दिवसांनी मी काकूंकडे गेले ती नुसती शिकायला. संग्रहालयात त्यांची ही बोली दाखवायची असं ठरत होतं. काकूंनी मला आरशासमोर बसवून बरंच काही शिकवलं. 'ये' कसं, 'जा' कसं, 'नाही' म्हणताना ओठ कसे ताणायचे. मी अगदीच अडाणी नव्हते, असं त्यांचं मत पडलं.

"मग हे काय सांगा," मी म्हटलं, आणि जॉबरांचे ओठ जसे हलले होते तसे हलवून दाखवले.

"'हो, हेच. आत ये,'" काकू पटकन म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पडला. "कोण म्हणालं असं? कोणाला?"

मी सांगितलं. काकू उठून माझ्या मागे काय आहे ते बघून आल्या, मग माझ्यासमोर बसून माझ्या उजव्या खांद्यामागे डोळे बारीक करून पाहत राहिल्या.

"नाहीये," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

"कोण नाहीये, काकू?"

"अगं, तू घेऊन आली होतीस ना. मला वाटलं तुझं तुला ठाऊक असेल."

"मी एकटीच आले होते."

काकूंनी पदराने ओठ पुसले. "मोतीबिंदूमुळे असेल म्हणून मी बोलले नाही. मला चेहरा नाही दिसला. नुसते ओठ. तुझ्या खांद्यामागे, एवढ्या उंचीवर. खात्यात आम्ही ओठच बघायचो गं, माणूस कोण ते मागाहून. विचारलं की सांगायचं, एवढं अंगात मुरलंय."

"काय विचारलं?"

"'हे माझं घर का?' एवढंच. मी म्हटलं, नाही बाई, पुढच्या घरी विचार."

आणि त्यांनी तेलवाल्यांचा पत्ता सांगितला होता. तेलवाल्यांनी जॉबरांचा. मी प्रत्येक वेळी आभार मानून तो लिहून घेतला होता. मी कुटुंबं शोधत होते, असं मला वाटत होतं.

"जॉबरांना काय कळतंय आता?" काकू म्हणाल्या. "त्या माणसाने कोणालाही कामावर ठेवून घेतलं असतं. घरात कोण कोण आहे?"

मी सांगितलं.

"लहान बाळ आहे?" काकूंनी विचारलं, आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

फोन लगेच उचलला गेला. मी हॅलो म्हटलं, पुन्हा म्हटलं. पलीकडे तीच कापसाची शांतता होती. कोणीतरी तिच्यात होतं आणि बोलतही होतं, याची मला खात्री आहे. फोन ठेवला गेला नाही.

६

जॉबरांच्या जिन्यावर अर्ध्यापर्यंत माझ्या पायांचा आवाज होता. मग नव्हता.

दार उघडंच होतं. मी टकटक केली, बोटांना लाकूड लागलं, बस. भर दुपारचं ऊन खोलीत पसरलं होतं. जॉबर खिडकीपाशी, मुलगा पलंगावर, सून शेगडीपाशी. फोन टेबलावर तसाच उलटा पडला होता. शेगडीवर पाणी उतू जाऊन ज्योतीवर पडत होतं. तिघं बोलत होती, अगदी घरात बोलतात तशी, मधूनच हसत. मिलचं तोंडही न पाहिलेली ती सून अक्षर न् अक्षर चघळत ओठ हलवत होती, काकूंपेक्षाही सफाईने. मला त्यातलं सगळं कळलं नाही. "पहिली पाळी" कळलं. "डबा" कळलं.

पाळण्यात बाळ रडत होतं. चेहरा काळानिळा, तोंड उघडं, मुठी थरथरत होत्या. गालांवर जुने ओघळ वाळले होते आणि त्यांच्यावरून नवे वाहत होते. कोणी वळत नव्हतं. ऐकूच येत नसेल तर कोण वळणार?

मी धावत जाऊन बाळाला उचललं. अंग तापलेलं होतं. सुनेचा दंड धरून हलवला. तिने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं, ओठांनी "बसा ना, ताई" म्हटलं आणि परत बोलण्यात सामील झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती तिघंही मधून मधून एकाच दिशेला बघत होती. कपाट आणि भिंत यांच्यामधली सांद होती ती. केरसुणी राहील एवढीच जागा. तिथून काहीतरी ऐकून घेतल्यासारखी ती माना डोलावत होती.

मी तिकडे सरळ पाहिलं नाही. बाळाचं डोकं खांद्याशी घट्ट धरलं, सांदीच्या बाजूला तोंड केलं आणि जमिनीकडे बघत ओठ हलवले. हे घर तुमचं नाही.

काही झालं नाही. बाळाची छाती माझ्या छातीवर धडधडत होती. मी पुन्हा म्हटलं, तेच. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, म्हटलं: तुमचं घर मला माहीत आहे. मी दाखवते. माझ्याबरोबर चला.

बाळाची किंकाळी माझ्या कानातच फुटली. शेगडी फसफसली, कुठेतरी दार आपटलं, सुनेच्या हातातलं भांडं पडलं. "अगं बाई!" म्हणत तिने बाळाला माझ्याकडून ओढून घेतलं. मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"ताई? तुम्ही कधी आलात?"

मुलगा डोळे चोळत होता. जॉबर खिडकीतून बाहेर बघत पुटपुटले, "ठेवलेलं माणूस असं पळवतात का?"

बाळाला डॉक्टरांकडे न्या, एवढं सांगून मी निघाले. उतरताना कानात लोकर परत आली होती आणि उजवा खांदा जड होता.

७

दाखवायला माझ्याकडे घर कुठे होतं? तरी मी मिलवर गेले. मागच्या खोल्यांच्या रांगेत एकेका दारापुढे उभी राहिले, आत गेले, ओठांनी विचारलं, हे? कुठल्याही दारात कानातली लोकर सुटली नाही. शेवटच्या खोलीत बांधकामवाल्यांनी सिमेंट भरून ठेवलं होतं. मी तिथेही विचारलं.

आणि मग घरी जाता येईना. मी स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. कोणाचंच नसलेलं घर, असं काहीतरी डोक्यात होतं. नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाला. ज्याने मनाशी दुसरंच काही ठरवलेलं असतं ते माणूस म्हणतं, तसं. मी कामाला जात होते, पण कोणाच्या घरी जात नव्हते. संग्रहालयाच्या संचालकबाई विचारायच्या, पुढचं कुटुंब कधी? मी म्हणायचे, शोधतेय. लॉजच्या खोलीत शिरलं की आधी मी भिंतीकडे तोंड करून ओठांनी सांगून टाकायचे, हे नाही. कधीकधी वाटायचं, मला वेड लागलंय, आणि ते वाटणं फार सुखाचं असायचं. मग मी नळ सोडून बघायचे. पाणी पडताना दिसायचं. आवाज कुठून तरी लांबून यायचा.

एका दुपारी नवरा न सांगता आला. हातात माझ्या आवडीची बिस्किटं होती. दारातून आत येऊन तो उभाच राहिला. मी खिडकीपाशी, पाठ भिंतीला. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मला रडू आलं.

"पुरे झालं," तो म्हणाला. मला ते जेमतेम ऐकू आलं. "किती वाळलीस! डॉक्टर, मांत्रिक, तू म्हणशील त्याच्याकडे जाऊ. पण घरी चल. हे काय घर आहे?"

"तेच तर," मी म्हटलं. "हे घर नाही, म्हणून."

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. त्याची नजर माझ्या उजव्या खांद्यावरून मागे गेली.

"अरे, सॉरी," तो म्हणाला. "तू सांगितलं नाहीस कोणी आलंय म्हणून."

मी वळले नाही. त्याच्या चष्म्याच्या काचांत खिडकीचे दोन चौकोन होते, त्यांच्यापुढे माझं डोकं, आणि डोक्याच्या बाजूला, भिंत असायला हवी होती तिथे, काहीतरी उघडत होतं आणि मिटत होतं.

"काय म्हणालात?" नवऱ्याने कान पुढे केला. त्याला ती भाषा येत नाही. नीट ऐकू आलं नाही की माणसं करतात तेच त्याने केलं. हसला आणि म्हणाला, "हो, हो! चला ना तुम्हीही."

मी झेपावून त्याच्या तोंडावर हात दाबला. बिस्किटांचा पुडा खाली पडला. पडल्याचा आवाज आला नाही. तो चकित होऊन माझ्याकडे बघत होता, पण पाहुण्यापुढे बोलायची त्याची रीत काही सुटेना. माझ्या तळव्याखाली त्याचे ओठ हलत राहिले, सावकाश, अक्षर न् अक्षर. आणि मला ते हाताने वाचता आलं.

संकोच करू नका. घर तुमचंच आहे.

खाली रस्त्यावर एक बस इंजिन चालू ठेवून उभी होती. खिडकीतून मला तिचं छप्पर थरथरताना दिसत होतं, कितीतरी वेळ.